माहितीचा भार आणि अनुभवाची शाळा



रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१८ साली 'तोताकाहिनी' नावाची एक छोटी बंगाली कथा लिहिली. एका राजाचा पोपट गात असे, उडत असे, परंतु शास्त्रे जाणत नसे. राजाच्या मनात आले की, या पाखराला शिक्षण दिले पाहिजे. भाच्यांवर कामगिरी सोपविण्यात आली, पंडितांच्या बैठका झाल्या, सोन्याचा पिंजरा घडविला गेला, लेखनिकांनी पोथ्यांच्या नकला करून राशी रचल्या. जो येई तो पिंजऱ्याची वाखाणणी करी; पोपटाकडे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. पोपटाच्या चोचीत पोथ्यांची पाने कोंबली जात राहिली, आणि एके दिवशी तो मेला. राजाने त्याला बोटाने दाबून पाहिले, तेव्हा पोटातल्या सुक्या पानांची तेवढी खसखस ऐकू आली.

कथा लिहून शंभरांहून अधिक वर्षे लोटली. आजच्या वाचकाच्या स्थितीत आणि त्या पोपटाच्या स्थितीत एक मोठा फरक आहे. पोपटाच्या तोंडात पाने कोंबण्यासाठी राजाला माणसे नेमावी लागली होती. आज प्रत्येकाच्या खिशात एक दूरध्वनी आहे आणि पाने कोंबण्याचे काम ज्याचे तोच करतो. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत बातम्या, औषधांचे सल्ले, बाजारभाव, भविष्यवाण्या, थोर पुरुषांच्या नावावर खपविलेली वचने आणि खऱ्याखोट्या छायाचित्रांचा ओघ चालू असतो. २०२० साली महामारीचा फैलाव होत असताना जागतिक आरोग्य संघटनेला या ओघासाठी 'इन्फोडेमिक' असा शब्द वापरावा लागला. रोगाची साथ आणि माहितीची साथ, दोन्ही एकदमच आल्या होत्या.

ही तक्रार मात्र नवी नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. ग्रंथ इतके झाले की त्यांच्यात वाचक हरवू लागला, ही जाणीव त्या सूत्रामागे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली हाच विचार अधिक नेमकेपणाने मांडला. माहिती कशाचा तरी फन्ना उडविते, आणि ज्याचा फन्ना उडतो ते म्हणजे माहिती घेणाऱ्याचे अवधान, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. धान्य वाढले की उंदीर वाढतात; माहिती वाढली की अवधानाची कणगी रिकामी होते.

यावर सामान्यतः दोन उपाय सुचविले जातात. पहिला संयमाचा: कमी वाचावे, कमी पाहावे, आठवड्यातून एक दिवस उपवास करावा. दुसरा यंत्राचा: अधिक चांगली गाळणी तयार करावी आणि तिनेच निवड करून द्यावी. पहिला उपाय चांगला आहे, पण उपवास सोडल्यावर खायचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्याविषयी एवढेच म्हणता येईल की, गाळणी ज्याच्या हातात त्याच्या मर्जीप्रमाणे ती गाळते. तिसरा एक उपाय आपल्याच देशात, नर्मदेच्या काठच्या खेड्यापाड्यांतून तीस वर्षे करून पाहिला गेला. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता नर्मदापुरम् झाले आहे, १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान शिकविण्याचा एक निराळा प्रयोग सुरू झाला. माध्यमिक म्हणजे तिकडच्या व्यवस्थेप्रमाणे सहावी ते आठवी. 'किशोर भारती' आणि रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी तो हाती घेतला, राज्य शासनाने अनुमती दिली, आणि दिल्ली विद्यापीठातील व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक मंडळी सुट्ट्यांमध्ये खेड्यांकडे येऊ लागली. १९७८ मध्ये जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांमध्ये हा कार्यक्रम लागू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने पुढे तो सांभाळला आणि अनेक जिल्ह्यांत नेला. 'होशंगाबाद विज्ञान' या नावाने तो ओळखला जातो.

या शाळा साध्या होत्या. प्रयोगशाळा नव्हती, बऱ्याच ठिकाणी टेबलखुर्चीही नव्हती. मुले जमिनीवर चौघाचौघांच्या टोळ्या करून बसत. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकात धडे होते, परंतु ज्याला आपण धडा म्हणतो तसे ते नव्हते. त्यात उत्तरे नव्हती. अमुक करा, काय दिसले ते लिहा, शेजारच्या टोळीला काय दिसले ते विचारा, फरक असेल तर का असेल यावर बोला, अशी त्याची रीत होती. साहित्यासाठी पेटी दिली जाई. तीतल्याही पुष्कळ वस्तूंना खेड्यात पर्याय सापडत गेले. फूल उकलण्यासाठी शहरातून सुया आणाव्या लागत. बाभळीचा काटा तेच काम फुकट करतो, हे लक्षात येण्यास वेळ लागला नाही. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन १९७८ साली तेथे आलेल्या अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्याला आठवड्याच्या बाजारात सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन असे आकार तयार होऊ लागले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. पुलांना आणि छपरांना त्रिकोण का लागतात ते हाताला कळते. हेच गुप्ता पुढे अनेक वर्षे पुण्याला 'आयुका'च्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात खेळणी करून दाखवीत असत, हे महाराष्ट्रातील वाचकांस ठाऊक असेल.

प्रत्यक्ष वर्गात काय घडत असे, ते एकदोन उदाहरणांवरून पाहणे बरे.

मूळ आणि पान यांचा एक धडा होता. मुलांनी बाहेर जाऊन झाडेझुडपे, तण, पिके मुळासकट उपटून आणावयाची. पानावरच्या शिरांची जाळी आहे की त्या समांतर आहेत, आणि मूळ सोटासारखे आहे की झुपक्यासारखे, याचा तक्ता करावयाचा. पंधरावीस नोंदी झाल्या की मुलांच्या ध्यानात येते की, जाळीचे पान आणि सोटमूळ सोबत येतात; गहू, ज्वारी, हरळी यांच्यासारख्या समांतर शिरांच्या वनस्पतींची मुळे झुपकेदार असतात. हे वाक्य छापील पुस्तकात एका ओळीचे आहे आणि पाठ करण्यास अर्धा मिनिट पुरतो. येथे त्याला दोनतीन दिवस लागत. पण तक्ता स्वतः भरलेला असल्यामुळे दोन गोष्टी अधिक मिळत. एक म्हणजे हा नियम कोठून आला, ते कळे. दुसरी अशी की, नियम कोठे अडखळतो तेही दिसे. कोणी अळू उपटून आणला तर पंचाईत होते: पानाला जाळी, आणि मुळे झुपक्याची! पाठांतर करणारा मुलगा अशा वेळी अळूकडे दुर्लक्ष करतो. तक्ता भरणारा मुलगा अळू चुकला की नियम अपुरा, असा वाद घालतो. वनस्पतिशास्त्र या वादात अळूच्या बाजूचे आहे.

दुसरे उदाहरण नाण्याचे. संयोग आणि संभाव्यता हा विषय बारातेरा वर्षांच्या खेड्यातील मुलांना शिकविणे पुष्कळांना वेडेपणाचे वाटले होते. प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवावयाचे आणि छाप किती वेळा पडली ते मांडावयाचे. पाच वेळा पडेल अशी अपेक्षा. पडते कोणाला तीनदा, कोणाला सातदा, एखाद्याला नऊदाही. मुले प्रथम नाण्यावर संशय घेतात, मग उडविणाऱ्यावर. त्यानंतर सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र मांडले जातात. चाळीस मुलांच्या चारशे फेकींत छाप निम्म्याच्या बरीच जवळ येते. दहातला तिघांचा किंवा सातांचा अनुभव खोटा नव्हता. तो लहान होता.

हे नाणे नीट ध्यानात ठेवले पाहिजे, कारण 'अनुभवातून शिक्षण' या शब्दाविषयी एक भोळा समज प्रचलित आहे. स्वतः भोगले, पाहिले, की ते ज्ञान झाले, असा तो समज. वस्तुतः अनुभवासारखा फसवा गुरू नाही. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हा मनुष्यजातीचा रोजचा अनुभव आहे. गंडा बांधल्यावर ताप उतरला हाही अनुभवच, आणि तो सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. दूरध्वनीवर फिरणाऱ्या निम्म्याअधिक औषधांच्या सल्ल्यांचा प्रारंभ 'आमच्या अनुभवाचे आहे' या शब्दांनीच होत असावा. होशंगाबादच्या वर्गात अनुभव घेऊन थांबत नसत. तो मोजला जाई, लिहिला जाई, दुसऱ्याच्या अनुभवाशेजारी ठेवला जाई, आणि मग दोहोंतील फरकाचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राही. एकाच बाकाची लांबी दहा मुलांनी मोजली तर दहा निरनिराळे आकडे येतात; कोणता खरा? 'घट-बढ' हा त्या पुस्तकांतला एक स्वतंत्र विषयच होता. ज्याने लहानपणी हा झगडा केला आहे, त्याच्यासमोर पुढे कोणी 'अमुक टक्के लोकांना गुण आला' असे ठोकून दिले, तर किती लोकांपैकी आणि कोणी मोजले, एवढे तरी त्याच्या मनात येते.

माहितीच्या पुरात तरण्याचा जो तिसरा उपाय म्हटला, तो हाच. पूर आवरणे कोणाच्याच हाती नाही. परंतु ज्याच्याजवळ स्वतः घडविलेले एखादे माप आहे, त्याला पुराचे सगळे पाणी प्यावे लागत नाही.

येथे एक आक्षेप साहजिक आहे. प्रत्येक गोष्ट मुलाने स्वतःच शोधावयाची म्हटल्यास न्यूटनपर्यंत पोचण्यास तीनशे वर्षे लागतील. आक्षेप रास्त आहे, आणि कार्यक्रमावर तो वारंवार घेतला गेला. त्याला उत्तर काठीच्या सावलीत आहे. अंगणात काठी रोवून दर थोड्या वेळाने तिच्या सावलीचे टोक खुणावयाचे. सावली सर्वांत आखूड होते ती मध्यान्ह. आता नर्मदाकाठच्या या गावी ही आखूड सावली शाळेच्या घड्याळातील बारांच्या ठोक्याला कधीच पडत नाही. वर्षातील बहुतेक दिवस ती दहापंधरा मिनिटे ते अर्धा तास उशिरा पडते. घड्याळ चुकले की सूर्य? याचे उत्तर काठीकडे पाहत बसून मिळणार नाही, कितीही उन्हाळे गेले तरी. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे, होशंगाबाद त्याच्या जवळजवळ पाच अंश पश्चिमेस आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळण्यास चार मिनिटे लागतात: ही माहिती कोणी तरी द्यावी लागते, पुस्तकाने किंवा गुरुजींनी. पण ती देण्याचा क्षण पाहा. हाच मजकूर भूगोलाच्या पुस्तकात आला असता तर तो सुक्या पानांपैकी एक पान झाला असता. सावलीने ज्याला कोड्यात टाकले आहे, तो मात्र ही तीन वाक्ये भुकेल्या माणसाने भाकरी घ्यावी तशी घेतो. वीस मिनिटांचा हिशेब त्याला लगेच करता येतो. उरलेली थोडी घटबढ कशाची, हेही तो विचारील. आणि मग गुरुजींची पंचाईत होईल.

गुरुजींची पंचाईत हा या कार्यक्रमाचा एक महत्त्वाचा भाग होता. प्रशिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीत होई, आणि तेथे शिक्षकांना मुलांचेच प्रयोग स्वतः करावे लागत. विद्यापीठातील प्राध्यापक सरळ उत्तर देत नसत. कधी त्यांना उत्तर येतही नसे. मोठ्या विद्वानाने सर्वांसमक्ष 'मला ठाऊक नाही, करून पाहू' म्हणावे, हे कित्येक शिक्षक जन्मात प्रथमच पाहत होते. मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र पुस्तकांत योजले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि सवालीरामची उत्तरे टपालाने येत. उत्तर शोधण्यासाठी कार्यकर्त्यांना ग्रंथालये पालथी घालावी लागत. आज तोच प्रश्न यंत्राला विचारला तर उत्तर क्षणात येते; पत्र लिहून पोस्टमनची वाट पाहण्यात जो काळ जाई, त्या काळात मुलगा स्वतःही काही तर्क लढवीत असे.

सर्वांत धीट पाऊल परीक्षेचे होते. आठवीच्या परीक्षेत मुलांना पुस्तके आणि आपल्या वह्या जवळ ठेवण्याची मुभा होती; शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची निराळी परीक्षा असे. पुस्तक उघडे आहे म्हटल्यावर पुस्तकात असलेले विचारण्यात अर्थ उरत नाही. प्रश्न काढणाऱ्याची खरी परीक्षा येथे सुरू होते. न पाहिलेले पान देऊन त्याचे मूळ कसे असेल ते विचारावे, अपुरा तक्ता देऊन त्यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही ते विचारावे, असे करावे लागते. पुस्तक ज्याच्या मांडीवर आहे आणि तरीही ज्याला विचार केल्यावाचून गत्यंतर नाही, असा तो मुलगा होता. आज प्रत्येकाच्या मांडीवर जगातील सगळी पुस्तके उघडी आहेत. त्या अर्थाने होशंगाबादच्या आठवीची परीक्षा ही आपल्या काळाची पूर्वपरीक्षा होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या विचाराची मुळे याहून जुनी आहेत. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी खेड्यातील बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविली. खडे, शिंपले, बिया ही त्या शाळेची साधने. या साऱ्या प्रयत्नांत भेद पुष्कळ आहेत, पण मुलाजवळ आधीच काही ज्ञान आहे, आणि शाळेने तेथूनच प्रारंभ करावयाचा, ही समजूत त्या सर्वांत समान आहे.

मग असा कार्यक्रम टिकला का नाही? २००२ साली मध्य प्रदेश शासनाने होशंगाबाद विज्ञान बंद केले. या शाळांतील मुले पुढच्या वर्गांत मागे पडतात, त्यांना पुरेशी 'माहिती' नसते, असा आक्षेप होता. कार्यक्रमाच्या बाजूच्या लोकांनी तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. देशभरातून अनेक शिक्षणतज्ज्ञांनी आणि वैज्ञानिकांनी निषेध नोंदविला. निर्णय बदलला नाही. पालकांची काळजी सर्वस्वी चूक होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नववीपासून पुन्हा पाठांतराचीच परीक्षा होती, आणि खेड्यातील शेतकऱ्याला मुलाच्या गुणपत्रिकेवर नोकरीची आशा लावून बसावे लागते. एका बेटावर निराळा कायदा केला तरी समुद्र जुन्याच कायद्याने चालतो. तथापि मुलांना माहिती कमी पडते म्हणून जो कार्यक्रम थांबविला, तो माहितीचा महापूर गावागावात येण्याच्या थोडाच आधी थांबविला गेला, हेही नोंदले पाहिजे.

दरम्यान एक गोष्ट घडली होती. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याची कहाणी सांगितली. पुढे १९९२ साली केंद्र शासनाने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा छोटा अहवाल १९९३ मध्ये आला. समितीने दप्तर तोलून पाहिले, आणि मग सांगितले की खरे ओझे निराळेच आहे; जे समजत नाही ते वाहून नेण्याचे ओझे दप्तराच्या वजनाहून अधिक जड असते. मूल जे वाचते त्यातले पुष्कळसे त्याला समजलेले नसते आणि तरी पुढे चालू राहावे लागते. यशपाल हे टाटा संस्थेतील वैज्ञानिक म्हणून होशंगाबादच्या कामाशी प्रारंभापासून परिचित होते, ही केवळ योगायोगाची बाब नसावी. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही त्यांच्याच अध्यक्षतेखाली तयार झाला आणि शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह त्यात आला.

अलीकडे या विषयाने पुन्हा वळण घेतले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पाठ्यविषय कमी करण्याची आणि अनुभवाधिष्ठित अध्ययनाची भाषा आहे. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीच्या वर्गासाठी पुस्तक उघडे ठेवून मूल्यमापन करण्याच्या योजनेस मान्यता दिली. होशंगाबादच्या खेड्यांतून जे अनेक दशकांपूर्वी जमिनीवर बसून चालत होते, ते आता मोठ्या शाळांच्या दाराशी आले आहे. पुस्तक उघडे ठेवण्यास खर्च येत नाही. अळूचे पान समोर ठेवून विचारता येईल असा प्रश्न काढणारे शिक्षक मात्र एका परिपत्रकाने तयार होत नाहीत. होशंगाबादेत त्यासाठी दर महिन्याला शिक्षकांची बैठक भरत असे, आणि तिथे आधीच्या महिन्यात वर्गात कोणता प्रयोग फसला, तेथूनच बोलण्यास सुरुवात होई.